आंतरमहाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रांची फेररचना आणि महाविद्यालयांचे अर्थबळ : वऱ्हाडचा दाखला

महाविद्यालयाच्या क्रीडासंघाने कोणाशी खेळावे, हा प्रश्न वरवर पाहता शारीरिक शिक्षणाचा वाटतो. परंतु थोडे खोलात जाऊन पाहिले असता तो बऱ्याच अंशी अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, असे दिसून येते. प्रतिस्पर्धी ठरला की सामन्याचे स्थळ ठरते. स्थळ ठरले की प्रवास, मुक्काम व भोजन यांचा खर्च ठरतो. आणि हा खर्च ज्याला झेपतो तोच संघ मैदानावर उतरतो. म्हणून स्पर्धेचे क्षेत्र बदलणे म्हणजे केवळ प्रतिस्पर्धी बदलणे नव्हे, तर खर्चाची व उत्पन्नाची वाटणी बदलणे होय. या फेररचनेचे कायदे, तिची कारणे आणि तिचे परिणाम यांचा विचार वऱ्हाडच्या, विशेषतः बडनेऱ्याच्या, संदर्भात येथे केला आहे.

बडनेरा हे या विचाराला सोयीचे ठिकाण आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला, तेव्हापासून हे गाव भुसावळ-नागपूर मार्गावर आहे, आणि येथूनच अमरावतीकडे छोटा फाटा फुटतो. या स्थानकाच्या पूर्वेला नागपूर. पश्चिमेला मूर्तिजापूर, अकोला, शेगाव व मलकापूर. वऱ्हाडातील महाविद्यालयीन संघाने पूर्वेची गाडी धरावी की पश्चिमेची, हे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. आणि ते प्रत्येक वेळी खेळाच्या मैदानावर नव्हे, तर विधिमंडळात व शासनाच्या दप्तरात ठरले. आपल्याकडील फेररचनेचे हे मुख्य वैशिष्ट्य होय. ते नीट उमजण्यासाठी याच्या नेमक्या उलट असलेली अमेरिकेतील पद्धत आधी पाहणे इष्ट ठरेल.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत समान दर्जाची काही विद्यापीठे स्वेच्छेने एकत्र येऊन आपले स्पर्धामंडल स्थापन करतात. त्यास तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ‘बिग टेन’ हे त्यांतील जुने मंडल 1896 साली स्थापन झाले. शेजारच्या विद्यापीठांनी परस्परांशी नियमितपणे खेळावे, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम समान असावेत आणि खेळावर अध्यापकवर्गाची देखरेख राहावी, हा त्यामागील मूळ हेतू होता. शेजार हे या रचनेचे पहिले तत्त्व होते, कारण त्या काळी प्रवासाचा खर्च हाच मोठा खर्च होता.

पुढे दूरचित्रवाणीने हे तत्त्व उलटे केले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावर ठेवलेले नियंत्रण तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली बेकायदा ठरविले, आणि प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा मार्ग विद्यापीठांना व त्यांच्या मंडलांना मोकळा झाला. तेव्हापासून कोणत्या मंडलात राहिले असता प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा मोठा मिळेल, हा विचार प्रबळ होत गेला. 2022 च्या जून महिन्यात लॉस एंजेलिस येथील दोन मोठ्या विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-12’ मंडल सोडून ‘बिग टेन’मध्ये जाण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘बिग टेन’ने सात वर्षांचा प्रक्षेपण-करार जाहीर केला, त्याची किंमत सात अब्ज डॉलरांहून अधिक असल्याचे वृत्त होते. 2023 च्या उन्हाळ्यात उरलेली विद्यापीठे एकामागून एक बाहेर पडली, आणि 1915 पासूनची परंपरा सांगणाऱ्या त्या मंडलात 2024 च्या हंगामात केवळ दोन विद्यापीठे राहिली. ‘बिग टेन’ या नावाच्या मंडलात मात्र अठरा सदस्य झाले.

या घडामोडीतील दोन गोष्टी अभ्यासकाने विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या मंडलात गेली, आणि तीही प्रारंभीची काही वर्षे उत्पन्नाचा कमी वाटा घेण्याच्या अटीवर. फुटबॉलच्या उत्पन्नासाठी केलेल्या या करारामुळे व्हॉलीबॉल वा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या विद्यार्थिनींना संपूर्ण खंड ओलांडून सामन्यांना जावे लागू लागले. दुसरी गोष्ट अशी की, लॉस एंजेलिसच्या शासकीय विद्यापीठाने मंडल बदलल्यामुळे त्याच शासनसंस्थेखालील बर्कलीचे नुकसान झाले, असे मानून तेथील नियामक मंडळाने 2024 साली पहिल्याने दुसऱ्यास तीन वर्षे दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत, असे ठरविले. फेररचनेचा लाभ ज्याला होतो त्याने तिचा भार सोसणाऱ्यास काही द्यावे, हे तत्त्व येथे मान्य झाले. या तत्त्वाकडे पुढे परत यावे लागेल.

मात्र हे सारे वैभव वरच्या थरापुरते आहे. मोठ्या मंडलांबाहेरील अनेक शासकीय विद्यापीठांत क्रीडाविभागाचा बराचसा खर्च विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून भागविला जातो. सामना पाहण्यास प्रेक्षक तिकीट काढून येत नसेल, तर खेळाचा खर्च शेवटी विद्यार्थीच देतो. या एका बाबतीत तेथील लहान विद्यापीठ आणि वऱ्हाडातील महाविद्यालय यांची स्थिती जवळजवळ सारखी आहे.

संलग्नता हेच क्रीडाक्षेत्र

भारतात महाविद्यालय आपले स्पर्धामंडल निवडीत नाही. ज्या विद्यापीठाशी ते संलग्न असेल, त्याच्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्याने खेळावयाचे असते. त्या स्पर्धांतून व निवडचाचणीतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. रोहिंटन बारिया करंडकासाठीची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा 1935 साली सुरू झाली. 1925 साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाचे पुढे भारतीय विद्यापीठ संघात रूपांतर झाले, आणि आजही या स्पर्धांची व्यवस्था त्याच संघाकडे आहे. देशाचे चार विभाग पाडले असून महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश व गोवा येथील विद्यापीठांबरोबर खेळतात. 2020 साली सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांची वाटही याच स्पर्धांतून जाते.

या व्यवस्थेत संलग्नतेची सीमा हीच क्रीडाक्षेत्राची सीमा ठरते. साहजिकच विद्यापीठाच्या सीमा बदलल्या की क्रीडाक्षेत्र आपोआप बदलते. वऱ्हाडच्या बाबतीत हे कसे घडत गेले, ते पाहण्यासारखे आहे. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे क्षेत्र मध्य प्रांत व वऱ्हाड एवढे विस्तृत होते. त्याच साली अमरावतीस निघालेले किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, याच क्षेत्रात आले. 1946 साली सागर विद्यापीठ निघाल्यावर हिंदी भाषी महाकोशलातील महाविद्यालये वेगळी झाली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र विदर्भापुरते राहिले. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलडाणा या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याकडे आली. 1998 साली वाशीम जिल्हा वेगळा झाल्यापासून ही संख्या पाच झाली. विद्यापीठास पुढे संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. शेवटी 2011 साली चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले.

यांपैकी एकाही विभाजनाचा हेतू खेळ हा नव्हता. परीक्षांचा भार हलका व्हावा, विद्यार्थ्यास विद्यापीठ जवळ असावे आणि प्रदेशाच्या आकांक्षेस वाव मिळावा, असे हेतू त्यामागे होते. खेळाची फेररचना ही त्यांच्याबरोबर आलेली, फारशी चर्चा न झालेली उपघटना होय.

विद्यापीठाबाहेर क्रीडासंघटनांच्या सीमा निराळ्याच आहेत, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडक स्पर्धेत स्वतंत्रपणे खेळतो, आणि विभागीय स्पर्धांत तो मध्य विभागात मोडतो. म्हणजे बडनेऱ्याचा एखादा खेळाडू विद्यार्थी म्हणून पश्चिम विभागाचा, तर क्रिकेटपटू म्हणून मध्य विभागाचा ठरतो. क्रीडाक्षेत्राच्या सीमा निसर्गसिद्ध नसून संस्थांनी आखलेल्या असतात, हे सिद्ध करण्यास एवढा एक दाखला पुरेसा आहे.

1983 च्या विभाजनाचे परिणाम

या विभाजनाचा पहिला परिणाम संधीच्या संख्येवर झाला. कबड्डीचा संघ बारा खेळाडूंचा असतो. सात मैदानात व पाच राखीव. विदर्भात एकच विद्यापीठ होते, तेव्हा आंतरविद्यापीठ कबड्डीसाठी साऱ्या विदर्भातून बारा खेळाडू निवडले जात. 1983 नंतर चोवीस, आणि 2011 नंतर छत्तीस निवडले जाऊ लागले. खो-खो, व्हॉलीबॉल, हॉकी इत्यादी खेळांतही असेच घडले. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील सहभागाने विद्यापीठाचा कलर कोट मिळतो, आणि तेथून वरच्या स्पर्धांचे दार उघडते. हे लक्षात घेता, विभाजनाने ग्रामीण खेळाडूच्या संधी वाढविल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा परिणाम अंतरावर झाला. बुलडाण्याहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर अमरावती दोनशेच्या आसपास. अकोल्याच्या संघास नागपूरला जाण्यासाठी अडीचशे किलोमीटर प्रवास करावा लागे. अमरावतीस ते अंतर शंभरावर येते. मात्र सर्वांनाच हा लाभ सारखा झाला नाही. बुलडाणा व यवतमाळ ही जिल्ह्याची मुख्य गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर नाहीत. तेथील संघास बसने किंवा आधी बस व मग गाडी असा प्रवास करून बडनेऱ्यास उतरावे लागते, आणि सामना सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच निघावे लागते. म्हणजे केंद्र जवळ आले, तरी मुक्काम चुकला नाही; आणि खर्चाच्या हिशेबात मुक्काम हीच निर्णायक बाब असते.

तिसरा परिणाम स्पर्धेच्या कसावर होण्याचा संभव असतो. क्षेत्र लहान झाले म्हणजे प्रबळ प्रतिस्पर्ध्यांची संख्या घटते, आणि एखाद-दुसऱ्या संस्थेचे वर्चस्व प्रस्थापित होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. अमरावतीस 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा सर्वश्रुत आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय 1967 पासून चालू आहे. ज्या क्षेत्रात अशी मैदाने, वसतिगृहे व प्रशिक्षक यांनी संपन्न संस्था आहे, तेथे एकच क्रीडाशिक्षक आणि एकच मैदान असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाशी तिचा सामना होतो. हा त्या संस्थेचा दोष नव्हे. अशी संस्था असणे हे वऱ्हाडचे भाग्यच आहे. परंतु विषमतेचे हे स्वरूप क्षेत्र आखताना विचारात घेतले जात नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विषयवार विद्यापीठे

भूगोलाप्रमाणेच विषयानुसारही फेररचना झाली. 1969 साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि नागपूरचे जुने कृषी महाविद्यालयही त्याकडे गेले. 1998 साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाल्यावर राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या प्रादेशिक विद्यापीठांतून निघून त्याच्या कक्षेत आली. परिणामी आज अकोल्यातील कला शाखेचा विद्यार्थी, कृषी शाखेचा विद्यार्थी व वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी हे एकाच गावात राहत असूनही तीन भिन्न क्रीडाक्षेत्रांत खेळतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांची गाठ पडत नाही. आरोग्य विद्यापीठाचे क्षेत्र तर संपूर्ण राज्याएवढे आहे. येथे शेजाराचे तत्त्व सुटले आणि अंतर पुन्हा वाढले. कारण निराळे असले, तरी पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठ अटलांटिक मंडलात जाण्यासारखीच ही स्थिती आहे.

खर्च कोण करतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यास तिकीट नाही, प्रक्षेपणाचे हक्क नाहीत, वाटून घेण्यासारखे उत्पन्न नाही. आहे तो केवळ खर्च. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाशुल्क घेतले जाते. त्यातील काही भाग विद्यापीठाकडे जातो व काही महाविद्यालयाकडे राहतो. सर्वसाधारणपणे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस संघ पाठविण्याचा खर्च महाविद्यालय करते, आणि खेळाडू विद्यापीठाच्या संघात निवडला गेला की पुढील प्रवासभत्ता व दैनिक भत्ता विद्यापीठ देते. म्हणजे खेळाडूच्या वाटेवरील पहिली पायरी महाविद्यालयाच्या पैशाने चढावयाची असते, आणि वरच्या पायऱ्या विद्यापीठाच्या पैशाने. ज्याची पहिली पायरी हुकली, त्याच्यासाठी वरच्या पायऱ्यांची सोय असून नसल्यासारखीच.

ही पहिली पायरी सर्वांना सारखी नाही, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका महाविद्यालयात 400 विद्यार्थी आहेत व दुसऱ्यात 4,000. विद्यापीठाचा वाटा वजा जाता दर विद्यार्थ्यामागे 100 रुपये महाविद्यालयाकडे राहतात, असे मानू. पहिल्याचा वार्षिक क्रीडानिधी 40,000 रुपये होईल, दुसऱ्याचा 4,00,000. बारा खेळाडू व एक व्यवस्थापक असे तेरा जण तीन दिवसांसाठी पाठवावयाचे, आणि माणशी 1,500 रुपये लागतात असे धरले, तर एका खेपेचा खर्च 19,500 रुपये येतो. पहिल्या महाविद्यालयाचा हा जवळजवळ निम्मा निधी झाला. दुसऱ्याचा विसावा भागही नव्हे. संघ तितकाच, मैदान तेच, गाडीभाडे तेच. परंतु एकास जे सहज शक्य आहे, ते दुसऱ्यास वर्षातून फार तर दोनदा शक्य आहे. विद्यार्थिनींच्या संघासोबत स्त्री व्यवस्थापक पाठवावी लागते. लहान महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गात अशी व्यक्ती मोकळी नसेल, तर तो संघच रद्द होण्याचा धोका असतो.

अशा स्थितीत लहान महाविद्यालय जो मार्ग पत्करते, तो अर्थशास्त्रीय दृष्ट्या तर्कसंगतच असतो. ते सांघिक खेळ सोडून कुस्ती, मैदानी स्पर्धा, क्रॉसकंट्री असे वैयक्तिक खेळ धरते, कारण दोन खेळाडू व एक शिक्षक एवढ्यांचा खर्च निधीत बसतो. तेव्हा एखाद्या तालुक्यात कबड्डीचे चांगले खेळाडू असूनही तेथील महाविद्यालयाचा संघ स्पर्धेत नसेल, तर त्यावरून गुणवत्तेच्या अभावाचे अनुमान काढणे घाईचे ठरेल. पुष्कळदा तो अभाव गाडीभाड्याचा असतो.

यात अनुदानाच्या पद्धतीने आणखी एक भेद निर्माण केला आहे. अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे वेतन शासन देते. त्यामुळे खेळाचा स्थिर खर्च शासनाकडे व फिरता खर्च शुल्काकडे, अशी विभागणी होते. विनाअनुदानित महाविद्यालयात दोन्ही खर्च शुल्कातूनच भागवावे लागतात. महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण 1983 साली स्वीकारले. बडनेऱ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजची प्रा. राम मेघे तंत्रशिक्षण व संशोधन संस्था, त्याच वर्षी निघाले. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचे, आणि बडनेऱ्यास आपल्यात सामावून घेणारी अमरावती महानगरपालिकाही त्याच वर्षीची. अशा प्रकारे नवे क्रीडाक्षेत्र आणि महाविद्यालयांच्या अर्थव्यवस्थेचा नवा प्रकार एकाच वेळी अस्तित्वात आले. परंतु क्रीडाशुल्काची रचना करताना या दोन प्रकारांतील भेदाचा विचार पुरेसा झालेला नाही.

पुढील फेररचना

आजवर आपल्याकडील फेररचना कायद्याने झाली, महाविद्यालयाच्या इच्छेने नव्हे. ही स्थिती आता बदलू लागली आहे. स्वायत्त महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न राहते, त्यामुळे त्याचे क्रीडाक्षेत्र तेच राहते. परंतु एखादी संस्था अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ झाली, तर ती आंतरमहाविद्यालयीन क्षेत्रातून बाहेर पडते आणि स्वतःच एक संघ म्हणून थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरते. अशी विद्यापीठे आता विदर्भातही आहेत. विद्यापीठ होणे हे आर्थिक सामर्थ्यावर अवलंबून असल्यामुळे, आर्थिक बळावर क्रीडाक्षेत्र बदलण्याची अमेरिकन प्रवृत्ती आपल्याकडे वेगळ्या वाटेने शिरत आहे, असे म्हणता येईल. सबळ संस्था बाहेर पडल्या की मागे राहणाऱ्या क्षेत्रात लहान महाविद्यालयेच अधिक राहतील, आणि त्यांच्या शुल्कातून विद्यापीठाकडे जमा होणारा निधीही त्या प्रमाणात आटेल.

यावर उपाय म्हणून सीमा पुन्हा आखणे पुरेसे होणार नाही. सीमा कोठेही आखली तरी तिला कडा असणारच, आणि कडेवरच्या महाविद्यालयास केंद्र लांबच पडणार. खरा उपाय खर्चाच्या वाटणीत आहे. शुल्क प्रत्येक विद्यार्थी सारखे देतो. परंतु अंतर प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाही. म्हणून विद्यापीठाकडे जमणाऱ्या निधीचा काही भाग अंतराच्या प्रमाणात परत देण्याची योजना करता येईल. जेणेकरून केंद्राजवळच्या महाविद्यालयास कमी व मेळघाट, मेहकर किंवा पुसदकडील महाविद्यालयास अधिक साहाय्य मिळेल. प्राथमिक फेऱ्या जिल्ह्यातच घेणे आणि अंतिम फेरीचे यजमानपद पाळीपाळीने फिरविणे, हे याचेच पूरक उपाय होत. बर्कलीच्या बाबतीत तेथील नियामक मंडळाने मान्य केलेले तत्त्व हेच होते: रचनेचा लाभ एकाने घ्यावा व भार दुसऱ्याने सोसावा, असे होऊ नये. तेथे ते कोट्यवधी डॉलरांच्या बाबतीत लागू झाले. येथे ते तेरा माणसांच्या गाडीभाड्याच्या बाबतीत लागू करावयाचे आहे.

सारांश, क्रीडाक्षेत्राची सीमा ही वस्तुतः खर्चाची सीमा असते. अमेरिकेत ती उत्पन्नाच्या ओढीने सरकते, आपल्याकडे ती कायद्याने सरकते. परंतु दोन्हीकडे तिचा भार अखेर खेळाडूवरच पडतो. वऱ्हाडातील गेल्या शंभर वर्षांच्या विभाजनांनी खेळाडूच्या संधी वाढविल्या, हे निःसंशय. त्या संधींपर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक विभाजनात अनुत्तरित राहिला. तो सुटेपर्यंत बुलडाण्याच्या घाटावरील महाविद्यालयाचा संघ बडनेऱ्याच्या फलाटावर उतरेल की नाही, हे त्या संघाच्या कौशल्यापेक्षा त्याच्या महाविद्यालयाच्या पटसंख्येवरच अवलंबून राहील.